नवीन इमारत, गच्चीवर सोलर : वेंटमधून वाफ, थंड नळाला गरम पाणी. घाबरायचं का?

कमिटी_कर्वेनगर

पुनर्विकासात नवी इमारत झाली, ११ मजले, २२ फ्लॅट. ताबा मार्चमध्ये मिळाला. सध्या नऊच कुटुंबं राहायला आली आहेत, बाकीच्यांचं फर्निचर चालू आहे. गच्चीवर बिल्डरने काचेच्या ट्यूबवाल्या सोलर वॉटर हीटरचे ५०० लिटरचे पाच संच बसवलेत, नॉन-प्रेशराइज्ड, म्हणजे टाकी वेंट नावाच्या उघड्या नळीने हवेला मोकळी. थंड पाणी लिफ्टरूमवरच्या टाकीतून येतं. १० आणि ११ व्या मजल्याला थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप आहे, गरम पाणी मात्र उताराने.

सध्या दिसतंय ते असं :

१. दुपारी दोन संचांच्या वेंट पाइपमधून वाफ येते आणि टाकीत खदखद आवाज होतो.
२. ८ व्या मजल्यावर सकाळी थंड नळाला कोमट, कधी चांगलं गरम पाणी येतं.
३. रात्री कोणी वापरत नसतानाही एका वेंटमधून पाणी गच्चीवर सांडतं.
४. गच्चीवरच्या सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिक) पाइपला दोन ठिकाणी झोळ आलाय, एक जॉइंट ठिबकतो.
५. एका ट्यूबचं खालचं टोक चंदेरी नसून दुधाळ पांढरं झालंय.
६. प्रत्येक टाकीत पाणी तापवायला ३ किलोवॉटची विजेची कॉइल आहे. गच्चीच्या डब्यात फक्त एमसीबी दिसतात.

देखभालीचा माणूस म्हणतो, वेंटला बूच मारू म्हणजे सांडणं आणि वाफ दोन्ही बंद. काही सभासद म्हणतात, तीन संच रिकामे करून ठेवा. इमारतीत लहान मुलं आणि ज्येष्ठ नागरिक आहेत. आधी कशाला हात घालायचा?

नळ_आणि_नळी

सगळ्यात आधी त्या माणसाच्या हातातून बूच काढून घ्या. खरंच सांगतोय. तुमच्या यादीतल्या नळकामाच्या बाकी गोष्टी आठवडाभर थांबल्या तरी चालतील, हे थांबणार नाही.

नॉन-प्रेशराइज्ड टाकीची आतली स्टीलची टाकी जेमतेम अर्धा मिलिमीटर पत्र्याची असते. तिला आतून दाब सोसत नाही आणि बाहेरूनही सोसत नाही. ५०० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर गेलं की सुमारे १३ लिटरने फुगतं, ते वेंटमधून बाहेर पडतं. उकळी फुटली की वाफही तिथूनच जाते. वेंट बंद केला तर टाकी शिवणीवर फाटते, नाहीतर ट्यूबच्या रबरी रिंगा सुटून उकळतं पाणी गच्चीवर फेकलं जातं. उलटंही होतं : खाली चार शॉवर एकदम सुरू झाले आणि थंड पाणी तेवढ्या वेगाने आत आलं नाही, तर टाकीत पोकळी तयार होते आणि टाकी चेपते. वेंटवर व्हॉल्व्ह, बूच, बारीक जाळी, काहीही नको. पाखरांची भीती असेल तर वरचं तोंड खाली वळवून घ्या, बस. वेंट धातूचाच हवा, वाफेत सीपीव्हीसी टिकत नाही. आणि त्याचं टोक थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा किमान फूटभर वर हवं, नाहीतर पाणी आपोआप सांडणारच.

आता वाफ का येतेय. संच २२ कुटुंबांच्या हिशेबाने बसवलेत आणि अंघोळीला माणसं नऊ घरांची. पाणी काढलंच नाही तर उन्हाळ्यात ढोबळमानाने पहिल्या दिवशी ६० अंश, दुसऱ्या दिवशी ८० च्या पुढे आणि तिसऱ्या दिवशी उकळी. नव्या इमारतीत सोलर सर्वांत धोकादायक असतो तो पहिल्या सहा-आठ महिन्यांत, आणि त्याचं कारण यंत्रातला दोष नसून रिकामे फ्लॅट हे असतं. बिल्डर संच चालू करून देतो, वापराचं गणित कोणी बघत नाही.

उपाय : वापर आहे तेवढंच ऊन आत घ्या. नऊ घरांना दोन संच पुरेत, फार तर तिसरा अर्धा. उरलेल्या ट्यूबांवर ९० टक्के सावलीची हिरवी शेडनेट दुहेरी करून पक्की बांधा. फ्लॅट भरत जातील तशी नेट काढत जा.

दुधाळ टोकाची ट्यूब म्हणजे दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली. त्या टोकाला आत बेरियमचा चंदेरी थर असतो, हवा शिरली की तो पांढरा पडतो. तशी ट्यूब लगेच फुटत नाही, पण पाणी नीट तापवत नाही. सवडीने बदला. बदलताना आदल्या संध्याकाळपासून झाकलेली असावी, काम पहाटे, हातमोजे आणि चष्मा घालून. ५८ मिमी व्यासाच्या १८०० मिमी लांब ट्यूबमध्ये अडीच लिटरच्या वर पाणी असतं, ती उपसताना अंगावर येऊ शकतं. रिंगला साबणाचं पाणी लावून ट्यूब फिरवत फिरवत बसवायची, ठोकायची नाही.

कमिटी_कर्वेनगर

बूच रद्द. पण मग तीन संच सरळ रिकामे का करू नयेत? पाणीच नाही तर उकळणार काय?

नळ_आणि_नळी

टाकी रिकामी होते, ट्यूब होत नाहीत. त्या टाकीखाली लटकतात, त्यांतलं पाणी राहतं आणि उन्हात हळूहळू उडून जातं. मग कोरडी ट्यूब आतून २०० अंशांच्या वर तापते. दोन महिन्यांनी एक कुटुंब राहायला येतं, कोणीतरी दुपारी बारा वाजता व्हॉल्व्ह उघडतो, २५ अंशांचं पाणी त्या काचेवर पडतं आणि ट्यूब एकामागून एक तडकतात. बोरोसिलिकेट काच असली तरी एवढा फरक ती झेलत नाही. नवीन इमारतींतल्या फुटलेल्या ट्यूबांची चौकशी केली तर बहुतेक वेळा हीच गोष्ट निघते.

दुरुस्तीसाठी रिकामं करावंच लागलं तर आधी झाका, मग रिकामं करा. भरायचं ते सूर्य उगवायच्या आत, तेही सावकाश. ज्या संचाचा पत्ता नाही की तो कोरडा आहे की भरलेला, त्याला कोरडाच समजा.

स्लॅब_बीम

रिकामं न करण्याला आणखी एक कारण आहे, आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यात ते जास्त महत्त्वाचं आहे. वळवाचा वारा.

आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. नुसत्या त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो होतो, अकराव्या मजल्याच्या गच्चीवर त्याहून जास्त. ५०० लिटरच्या संचाचं तोंड सात-आठ चौरस मीटरचं असतं. भरलेला संच, म्हणजे टाकीतलं ५००, ट्यूबांमधलं शंभर-सव्वाशे लिटर पाणी आणि सांगाडा धरून, साडेसातशे किलोच्या आसपास जातो. तो वाऱ्यात जागेवर बसून राहतो. रिकामा झाला की दीडशे किलोच्या घरात. त्यावर ताडपत्री बांधली तर तुम्ही शीड उभं केलंत. म्हणून संच भरलेला ठेवा आणि झाकायला शेडनेटच वापरा, तिच्यातून वारा जातो.

पाय कसे बसवलेत ते उद्याच बघा. चांगलं काम म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, त्यात आधीच रोवलेले बोल्ट, त्यावर बेसप्लेट. वाईट काम म्हणजे कोब्यात सरळ ड्रिल मारून फास्टनर. कोबा हा विटांच्या तुकड्यांचा थर, त्यात फास्टनरला पकड मिळत नाही आणि वॉटरप्रूफिंगला भोक पडतं ते वेगळंच. पावसाळ्यात ११ व्या मजल्याच्या छताला ओल आली की सगळे टाकीच्या पाइपवर खापर फोडतात, भोक मात्र सोलरच्या पायाखाली असतं. तसं दिसलं तर फास्टनर उपटू नका. ठोकळे ओतून पाय त्यावर घ्या, मग भोकं ग्राउटने भरून वरून वॉटरप्रूफिंग करून घ्या.

दोन गोष्टी बिल्डरकडून लेखी मागा. एक, गच्चीच्या स्लॅबच्या डिझाइनमध्ये हे वजन धरलंय असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. पाच संच म्हणजे पावणेचार टन होतात, बीमवर आहेत की स्लॅबच्या मधोमध याने फरक पडतो. दुसरी, संचांची मॅन्युअल आणि प्लंबिंगचा प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा. तक्रारही ईमेलने लेखीच करा. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही.

वायर_आणि_अर्थ

सहाव्या मुद्द्यावर. डब्यात नुसते एमसीबी असतील तर कॉइल आजपासून बंद. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. कॉइलचं आवरण फुटलं की करंट पाण्यातून टाकीला, पाइपला आणि नळाला येतो. गळती पन्नास-शंभर मिलिॲम्पिअरचीच असली तरी ओल्या अंगाला ती जीवघेणी ठरू शकते, आणि १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. गच्चीवर आहे म्हणून हे धोके गच्चीवरच राहतात असं नाही.

प्रत्येक कॉइलला हवं ते असं : ३ किलोवॉटला २३० व्होल्टवर १३ ॲम्पिअर लागतात, म्हणून १६ ॲम्पिअरचा एमसीबी, सोबत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), दोन्ही तारा तोडणारा आयसोलेटर, तांब्याची ४ चौरस मिमी वायर आणि टाकीच्या बॉडीला स्वतंत्र अर्थ. डबा पाऊस न शिरणारा, केबल खालून आत घेतलेली. कॉइल आणि बॉडीमधलं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने मोजून घ्या, १ मेगओहमच्या खाली असेल तर ती कॉइल काढून टाका. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे काम वॉचमनवर न सोपवता कमिटीतल्या एकाच्या नावावर टाका.

एक गोष्ट नेहमी सुटते. कॉइलला ६० अंशांचा थर्मोस्टॅट असतो आणि वर ८५-९० अंशांचा कटआउट, जो हाताने परत दाबावा लागतो. तुमच्या टाक्या उन्हामुळे ९० च्या पुढे गेल्या आहेत, म्हणजे तो कटआउट आत्ताच उडालेला असणार. जुलैमध्ये कोणीतरी म्हणेल कॉइल चालत नाही, इलेक्ट्रिशियन येईल आणि कटआउटला तार जोडून 'दुरुस्त' करून जाईल. तिथून पुढे थर्मोस्टॅट चिकटला की कॉइलला थांबवणारं काहीच उरत नाही. कटआउट फक्त रीसेट करायचा असतो, बायपास कधीच नाही.

आणि टायमरचं गणित. ५०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेसतरा युनिट लागतात, म्हणजे ३ किलोवॉटच्या कॉइलला जवळजवळ सहा तास. पहाटे दीड तास लावला तर आठ अंशसुद्धा वाढत नाहीत. मग वैतागून लोक ती रात्रभर चालू ठेवतात. पावसाळ्यात पाचही कॉइल एकदम लागल्या तर १५ किलोवॉट. कॉमन मीटरचा मंजूर भार महावितरणच्या बिलावर छापलेला असतो, आधी तो बघा. माझं मत विचाराल तर एवढ्या इमारतीत गच्चीवरच्या कॉइल बंदच ठेवून ज्याने त्याने आपल्या बाथरूममधला गीझर वापरलेला बरा.

सांगाडे तडित-रक्षकाच्या पट्टीला जोडलेत का तेही बघून घ्या. 

नळ_आणि_नळी

राहिलेले मुद्दे घेतो.

८ व्या मजल्याचं गरम पाणी : बहुतेक सोलरचा थंड फीड, म्हणजे सोलरच्या टाकीला थंड पाणी देणारा पाइप, त्याच उभ्या लाइनीतून टी मारून घेतलाय जी फ्लॅटना थंड पाणी देते, आणि एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) नाही. खाली नळ उघडला की लाइन सोलरच्या टाकीतूनही पाणी ओढते. फीड लिफ्टरूमवरच्या टाकीतून स्वतंत्र हवा आणि त्यावर एनआरव्ही हवा, तोही झडपेचा, आडव्या पाइपवर. स्प्रिंगचा बसवलात तर एवढ्याशा उंचीच्या दाबाला तो नीट उघडत नाही. या दोषाने भाजतंच असं नाही, पण गरम पाणी आरओ फिल्टरमध्ये गेलं की मेंब्रेन खराब होतं.

फ्लॅटच्या आत दोष आहे का हे तपासायचं असेल तर त्या फ्लॅटचा थंड पाण्याचा मुख्य कॉक बंद करा आणि बेसिनचा थंड नळ उघडा. नळ्यांमधलं साचलेलं पाणी निघून गेल्यावरही धार चालूच राहिली तर पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून गरम बाजूने येतंय.

रात्री सांडणाऱ्या वेंटचं कारण नेमकं याच्या उलट आहे. १० आणि ११ वर थंड बाजूला पंपाचा दाब, गरम बाजूला काहीच नाही. एखाद्या बाथरूममध्ये मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पाणी मात्र पुढे हँडशॉवरच्या बटणावर बंद केलेलं असेल, तर थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं, वर सोलरच्या टाकीत चढतं आणि वेंटमधून सांडतं. त्या चारही फ्लॅटच्या प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला एनआरव्ही घाला. गरम लाइनीलाही पंप लावायचा ठरलं तर तो गरम पाण्याचाच घ्या, साध्या पंपाचं सील टिकत नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत पंपाचा दाब सोलरच्या टाकीवर येऊ देऊ नका.

हेडही मोजा : थंड टाकीतल्या पाण्याच्या वरच्या पातळीपासून सोलरच्या टाकीपर्यंतची उंची. नॉन-प्रेशराइज्ड टाकीला साधारण दोन-तीन मीटरच्या वर हेड देऊ नये, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो. लिफ्टरूमवरची टाकी सहज चार-पाच मीटर वर असते. तसं असेल तर मध्ये बॉल कॉकवाली छोटी टाकी लावून उंची तोडावी लागेल, आणि वेंटची उंची मग त्या छोट्या टाकीवरून धरायची.

झोळ आलेला पाइप. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतचा, पण त्या तापमानाला त्याची ताकद फार कमी उरते. पाइपवर आयएस १५७७८ आणि एसडीआर ११ (आकडा लहान तेवढी पाइपची भिंत जाड) छापलंय का वाचा. १३.५ असेल तर तो गच्चीवरून काढा. टाकीच्या तोंडापासून पहिले दोन-तीन मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) घ्या. १० मीटर सरळ सीपीव्हीसी पाइप ५० अंश तापला की तीन सेंटीमीटरच्या वर लांबतो, त्याला लूप द्यावा लागतो आणि तीन फुटांच्या आत आधार. आधाराचे क्लॅम्प आवळायचे नाहीत, पाइप त्यातून सरकला पाहिजे. ठिबकणारा जॉइंट बहुधा पांढऱ्या यूपीव्हीसीच्या सोल्युशनने जोडलेला असणार, गरम पाण्यात तो सुटतोच. वरून लांबी-एमसील थापू नका, कापून नवा घाला आणि २४ तास पाणी सोडू नका. गच्चीवरच्या सगळ्या गरम लाइनीला नायट्रिल रबराचं आवरण आणि त्यावर उन्हापासून वाचवणारा थर. स्वस्त फोम उन्हाळ्यातच आक्रसतो.

कमिटी_कर्वेनगर

गच्चीचं काम समजलं. मुलं आणि आजी-आजोबा यांच्यासाठी बाथरूममध्ये काय करायचं? गच्चीवर गरम-थंड मिसळून ठरावीक तापमानाचं पाणी देणारा एकच थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून सगळ्यांना ४५ अंशांचं पाणी दिलं तर? खर्च एकदाच.

बाथरूम_फिटिंग्ज

४५ अंशांचं पाणी ११ मजल्यांच्या पाइपातून फिरवायची कल्पना सोडा. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात (तुषारांतून श्वासावाटे आत गेले की न्यूमोनिया करणारे), आणि तुमचे तेरा फ्लॅट बंद आहेत, तिथल्या नळ्यांत पाणी महिनोन्‌महिने पडून आहे. टाकीत ६० च्या वर ठेवा, थंड पाणी बाथरूममध्येच मिसळा. गच्चीवर व्हॉल्व्ह लावायचाच असेल तर ५५-६० वर, म्हणजे ८५ अंशांचं पाणी खाली उतरणार नाही आणि पाइपही वाचतील. तेवढ्यासाठी मी तो लावेन. पण मुलांच्या बाथरूममध्ये दुसरा, ४३ अंशांवर लावलेला, हवाच.

६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं, ७० ला एक सेकंद पुरतो, ५० ला काही मिनिटं लागतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना याहून लवकर, त्यांची कातडी पातळ. आणि अपघात कसा होतो ते बघा. खालच्या मजल्यावर सुरुवातीला नळीतलं थंड पाणी येतं. माणूस हात लावून बघतो, गार आहे, म्हणून गरमचा कॉक पूर्ण उघडून शॉवरखाली उभा राहतो. मिनिटा-दीड मिनिटाने ८० अंशांचं पाणी एकदम पोचतं. तोवर अंगाला साबण, डोळे मिटलेले.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना गाळणी आणि एनआरव्ही लागतो. १०-११ व्या मजल्यावर दोन्ही बाजूंच्या दाबात एवढा फरक असताना तो नीट चालणार नाही, आधी थंड बाजूला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घाला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून अडकतो, वर्षातून एकदा उघडून साफ करा. तपासणी सोपी आहे : थंडचा कॉक बंद केला की चांगल्या व्हॉल्व्हमधून गरमही काही सेकंदांत थांबलं पाहिजे.

बंद फ्लॅट उघडताना पहिल्या दिवशी सगळे नळ पाच-दहा मिनिटं वाहू द्या. शॉवरची जाळी काढून, म्हणजे तुषार उडणार नाहीत.

कमिटी_कर्वेनगर

शेवटचं. गुरुवारी पालिकेचं पाणी बंद असलं की संध्याकाळी आमची वरची टाकी तळाला जाते. तेव्हा थंड नळ कोरडा आणि गरम चालू असं परवा एका घरात झालं. हे सोलरमुळे का?

नळ_आणि_नळी

टाकीला जोड कुठे दिलेत त्यामुळे. तुमच्याकडे सोलरचा फीड ज्या लाइनीवर टी मारून घेतलाय ती तळाजवळून आणि बाकी फ्लॅटचं थंड पाणी तिच्या वरून काढलेलं असणार, म्हणून आधी थंड संपतं आणि शॉवरमधून निव्वळ गरम येतं. बरोबर उलटं हवं : फ्लॅटची थंड लाइन तळाजवळून, सोलरचा फीड तिच्यापेक्षा सात-आठ इंच वरून. मग टाकी आटत आली की आधी गरम बंद पडतं, थंड शेवटपर्यंत राहतं. तुम्हाला स्वतंत्र फीड काढायचाच आहे, तेव्हा टाकीला नवं भोक याच उंचीवर पाडायला सांगा आणि जुन्या टीचा सोलरकडचा जोड प्लगने बंद करा. काम होईपर्यंत गुरुवारी दुपारीच गच्चीवरचे गरम पाण्याचे मुख्य व्हॉल्व्ह बंद करत जा. फक्त गरम बाहेर जाण्याचे. थंड फीड आणि वेंट उघडेच.